नव्वद गुण आणि दुसरे दार



मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी एर्मोसियो. 26 मे 2009 रोजी तिथल्या ‘एबीसी’ नावाच्या पाळणाघराची तपासणी झाली आणि पाळणाघर त्या तपासणीत उत्तीर्ण ठरले. त्यानंतर दहाच दिवसांनी, 5 जूनच्या दुपारी, शेजारच्या गोदामाला आग लागली. गोदाम राज्य सरकारच्याच वित्त खात्याचे. पाळणाघरसुद्धा मुळात गोदामासाठीच बांधलेल्या जागेत थाटलेले. दोन्ही जागांचे छप्पर सलग, त्यामुळे आग वरून आत आली. मुलांची ती दुपारच्या झोपेची वेळ होती. छताखालचा फोम आणि ताणलेले कापड पेटले, धुराने खोल्या भरल्या. खिडक्या उंचावर होत्या आणि बाहेर पडायला प्रत्यक्षात एकच दार उपयोगी पडत होते. एका तरुणाने आपली पिकअप गाडी भिंतीवर घालून भगदाडे पाडली, त्यातून काही मुले बाहेर काढता आली. 49 मुले गेली. त्यांतले कोणीही पहिलीत जाण्याच्या वयाचे नव्हते.

हे पाळणाघर बेकायदा नव्हते. कुणाच्या नजरेआड चाललेलेही नव्हते. तिथल्या सामाजिक सुरक्षा संस्थेने ते खासगी चालकांकडे कराराने दिले होते. त्याला नियम लागू होते, अर्ज होते, तपासनीस होते, शिक्का होता. म्हणून लहान मुलांच्या केंद्रांच्या तपासणीचा विषय काढताना ‘आपल्याकडे नियमच नाहीत’ या नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करून भागत नाही. नियम असतात, तपासणीही होते, आणि तरीही दार एकच राहते. हे कसे घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर मेक्सिकोपेक्षा महाराष्ट्रातल्या गल्ल्यांत जास्त स्पष्ट दिसते.

तपासणीचा नमुना म्हणजे बहुतेक वेळा शंभर गुणांचा तक्ता. इमारतीला इतके गुण, स्वच्छतेला इतके, रंगवलेल्या भिंतींना इतके, नोंदवह्यांना इतके, आहाराला इतके, ‘लोकसहभागा’ला इतके. शेवटी बेरीज. या बेरजेत एक साधा घोटाळा दडलेला असतो. भिंतीवर ससा आणि मुळाक्षरे सुंदर रंगवली असतील तर त्याचे गुण मिळतात आणि पाण्याच्या टाकीला झाकण नसल्याचे गुण त्यात भरून निघतात. नव्वद गुणांचे केंद्र उत्तम ठरते. गेलेले दहा गुण कशाचे होते, हे मग कोणी विचारत नाही. ते दुसऱ्या दाराचे असू शकतात.

वास्तविक लहान मुलांच्या केंद्रातल्या गोष्टींचे दोन वेगळे वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या गोष्टी चुकल्या तर मूल मरते किंवा त्याला कायमची इजा होते: छप्पर, वीजजोडणी, सिलिंडरची जागा, उघडी विहीर किंवा टाकी, पिण्याचे पाणी, अन्न, बाहेर पडण्याची वाट, आणि मुलाच्या अंगाला हात लावणारा मोठा माणूस कोण आहे ही माहिती. या गोष्टी मोजता येतात आणि त्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच असते. दुसऱ्या वर्गातल्या गोष्टींनी मूल वाढते: बाईंच्या मांडीवर बसायला मिळते का, मुलाच्या बोलण्याला कोणी उत्तर देते का, मातीत हात घालू देतात का, रडणाऱ्याला गप्प बस म्हणतात की जवळ घेतात. या गोष्टी तक्त्यात मावत नाहीत. त्या बघायला तिथे बसून राहावे लागते. आपल्या तपासणीने दोन्ही वर्ग एकाच कागदावर एकत्र कालवले. त्यामुळे पहिल्या वर्गाला हवा तो कडकपणा मिळाला नाही आणि दुसऱ्या वर्गाला हवा तो निवांतपणा मिळाला नाही.

‘अंगणवाडी’ जिथे जन्मली ती जागा आजच्या कोणत्याही तक्त्यात नापास झाली असती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीची घंटा वाजायची, पण दलित वस्तीतली मुले यायची नाहीत. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली आणि कुणाच्या तरी अंगणात बसली. छप्पर नाही, कुंपण नाही, खेळणी म्हणजे शंखशिंपले, बिया, पाने, खडे. पहिले काम मुलांना आंघोळ घालण्याचे, नखे कापण्याचे, केस विंचरण्याचे. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथल्या वारली मुलांमध्ये अनुताईंनी उरलेले आयुष्य घालवले. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही निघाली.

या आठवणीने गहिवरून ‘पूर्वी कुठे होत्या इमारती, कुठे होते निकष’ असे म्हणण्याचा मोह होतो. अशी भाषणे ऐकून श्रोते टाळ्याही वाजवतात. पण हा मोह आवरायला हवा. अंगणातली बालवाडी चालली कारण तिथे ताराबाई आणि अनुताई रोज हजर होत्या. त्यांचे स्वतःचे निकष सरकारी निकषांपेक्षा कितीतरी कडक होते. ते कागदावर नव्हते इतकेच. एक लाखांहून अधिक अंगणवाड्या चालवणाऱ्या राज्याला प्रत्येक अंगणात एक अनुताई मिळेल असे धरून चालता येत नाही. कागद लागतोच. प्रश्न त्या कागदावर काय असावे हा आहे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीतला शब्द देशभर गेला. पहिल्या पंचवीस वर्षांत ती सरकारची ‘योजना’ होती. असली तर असली. 2001 मध्ये अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि चित्र बदलू लागले. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात न्यायालयाने 14 लाख अंगणवाड्यांचा आकडा घालून दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती द्यावी, असेही सांगितले. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ताटातले अन्नही परिशिष्टात लिहिले: तीन ते सहा वर्षांच्या मुलाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, कुपोषित मुलाला 800 किलोकॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिने. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा अंगणवाडी ही कायद्याने सोपवलेली कामे करणारी आस्थापना आहे हेही मान्य केले.

म्हणजे निकष भरपूर झाले. तपासणी कशी झाली, ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2012-13 च्या अहवालात आहे. लेखापरीक्षकांनी 13 राज्यांतल्या 2,730 अंगणवाड्या स्वतः जाऊन पाहिल्या. 61 टक्के अंगणवाड्यांना स्वतःची इमारत नव्हती. 52 टक्क्यांत शौचालय नव्हते, 32 टक्क्यांत पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती. बाळांचे वजन करण्याचा चालू स्थितीतला काटा 26 टक्के ठिकाणी नव्हता. या अंगणवाड्या त्याआधी कोणी पाहिल्याच नव्हत्या असे नाही. अशा अंगणवाड्यांत भेटवही असते आणि तिच्यात पर्यवेक्षिकेच्या भेटीची तारीख, पटसंख्या, हजेरी, स्वच्छता समाधानकारक असल्याचा शेरा आणि सही असते. शौचालय नसल्याची नोंद करायला बंदी नव्हती. पण ती नोंद जिथे जाते तिथून पैसे येत नाहीत, हे लिहिणारीला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते.

इथे पर्यवेक्षिकेची बाजू मांडली पाहिजे. जुन्या लोकांच्या तोंडी तिचे नाव अजून ‘मुख्यसेविका’ असेच आहे. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. डोंगराळ तालुक्यात त्या एसटीच्या दोन फेऱ्यांच्या वेळापत्रकावर गाठायच्या. पदे रिकामी असली की शेजारच्या बीटचा, म्हणजे दुसऱ्या पर्यवेक्षिकेच्या गटाचा, ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. ती अंगणवाडीत पोहोचते तेव्हा तिच्याकडे तासभर असतो, आणि त्या तासात तिला अकरा नोंदवह्या बघायच्या असतात: कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, साठा, लसीकरण, वजन, गृहभेटी आणि आणखी बरेच काही. वरच्या बैठकीत तिला ज्या गोष्टी विचारल्या जातात, त्याच ती खाली विचारते. मुले काय करत होती हे वरच्या बैठकीत कोणी विचारत नाही.

नोंदवह्यांच्या जोडीला मोबाइल आला तरी यात फारसा फरक पडला नाही. 1 मार्च 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन जुनाट, तापणारे आणि कमी क्षमतेचे, आणि अॅप तेव्हा इंग्रजीत. दहावी मराठीतून झालेल्या बाईने मुलाचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह भरायचे, आणि चुकले तर मानधनावर परिणाम. पुढे घरी न्यायच्या शिध्यासाठी, म्हणजे टीएचआरसाठी, लाभार्थी आईचा चेहरा ओळखण्याची पद्धत आली. पाकीट खऱ्या आईलाच मिळाले की नाही हे यंत्र तपासते. पाकिटातला शिधा मूल खाते की तो शेळीच्या पुढ्यात जातो, हे तपासायला यंत्र नाही. गावात कोणालाही विचारले तर उत्तर मिळते.

तपासणी कशी फसते आणि कशी सुधारू शकते, हे वजनाच्या काट्यावरून जितके नीट कळते तितके दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. म्हणून इथे जरा थांबायला हवे.

अंगणवाडीतला जुना काटा स्प्रिंगचा. तो आढ्याला किंवा दाराच्या चौकटीला टांगायचा. त्याला रिकामी झोळी अडकवायची आणि मग काटा शून्यावर आणायचा. हे आधी केले नाही तर झोळीचे वजन मुलाच्या वजनात जाते. मुलाचे कपडे काढायचे. मूल झोळीत बसते तेव्हा हमखास रडते, पाय झाडते, काटा थरथरतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचे. आकडा वाचताना डोळे काट्याच्या पातळीला हवेत. खालून पाहिले तर काटा एका घरात दिसतो, समोरून पाहिले तर दुसऱ्या. आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल काटे आले, तिथे सेल संपण्याची आणि जमीन सपाट नसण्याची भानगड आहे.

एवढ्या बारकाव्याने काय बिघडते? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलीचे वजन 7 किलोपेक्षा कमी असेल तर ती कमी वजनाची, आणि 6.3 किलोपेक्षा कमी असेल तर तीव्र कमी वजनाची. हिवाळ्यातला स्वेटर, टोपी, पायातले वाळे आणि न काढलेली झोळी मिळून तीनशे ग्रॅम सहज होतात. सव्वासहा किलोची मुलगी साडेसहा किलोची होते आणि वाढीच्या तक्त्यावर लाल पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात जाते. पिवळ्या पट्ट्यात गेली की तिला जादा आहार नाही, ग्राम बाल विकास केंद्रात भरती नाही, डॉक्टरांकडे पाठवण्याची घाई नाही.

आणि यातले काहीही मुद्दाम करावे लागत नाही. लाल पट्ट्यातले मूल नोंदवले की सेविकेला खुलासा मागितला जातो: मूल का घटले, गृहभेट कधी दिली, पालकांचे समुपदेशन केले का. मुलगी पिवळ्या पट्ट्यात असेल तर कोणी काही विचारत नाही. मग स्वेटर काढायचा आग्रह कोण धरणार? महिन्याच्या शेवटी बीटचा तक्ता छान दिसतो, प्रकल्पाचा दिसतो, जिल्ह्याचा दिसतो. आकडे असे वर वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडे हसरे होत जातात.

महाराष्ट्राला याचा धडा एकदा मिळालेला आहे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांनी 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल दिला. त्यांनी गावोगाव बालमृत्यू स्वतः मोजले, तेव्हा सरकारी नोंदीत न आलेले मृत्यू किती मोठ्या संख्येने आहेत हे उघड झाले. त्यानंतर नेमलेल्या समितीलाही नोंदी कमी होतात हेच आढळले. मोजणाऱ्याला मोजल्याबद्दल शिक्षा होणार असेल तर तो कमी मोजतो, हे त्यामागचे कारण. 2005 मध्ये कुपोषणाविरुद्ध सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने काही जिल्ह्यांत वजनाच्या नियमित आणि खऱ्या नोंदीवर भर दिला, बाळाच्या पहिल्या हजार दिवसांकडे लक्ष वळवले. दोन वर्षांखालच्या खुजेपणाचे राज्यातले प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होते; 2012 च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते 23 टक्क्यांच्या आसपास आले. त्याचे श्रेय एकट्या मिशनला द्यायचे का यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो असावा. पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या खुजेपणाचा राज्यातला 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा 35.2 टक्के आहे, तेव्हा फार पाठ थोपटण्यासारखे काही नाही.

पण काट्याच्या गोष्टीतून तपासणीची एक पद्धत हाती लागते. पर्यवेक्षिकेने तासभर अकरा वह्या चाळण्याऐवजी, नोंदलेल्या मुलांपैकी कोणतीही पाच मुले बोलावून स्वतः पुन्हा वजन करावे. तिच्या आणि सेविकेच्या आकड्यात फरक आला तर खुलासा न मागता काटा दुरुस्त करून द्यावा. पाच मुलांना वीस मिनिटे लागतात. त्या वीस मिनिटांत तिला खोलीही दिसते: भांडी कुठे ठेवली आहेत, मुले हात कुठे धुतात, मदतनीस ताटली पुसते ते फडके कोणत्या रंगाचे झाले आहे.

मधल्या काळात आणखी एक टूम निघाली, ‘आयएसओ अंगणवाडी’. कितीतरी जिल्हा परिषदांनी अंगणवाड्यांना आयएसओ मानांकन मिळवून दिले, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. लोकवर्गणीतून रंगरंगोटी झाली, खेळणी आली, हे चांगलेच झाले. पण आयएसओ 9001 हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे मानक आहे. कारखाना असो की कचेरी, कामाची पद्धत लिहिलेली आहे आणि त्याप्रमाणे चालते, एवढेच ते सांगते. चार वर्षांच्या मुलाला किती वेळ खेळू द्यावे यावर त्याचे काहीही म्हणणे नाही.

आता त्याच गल्लीतले दुसरे दार. कोणत्याही तालुक्याच्या गावी अंगणवाडीपासून शंभर पावलांवर एखादी नर्सरी असते. बाहेर कार्टूनचा फलक, आत दोन खोल्या, गणवेश, बूट, ‘ए फॉर अॅपल’. फी भरणाऱ्या पालकाला वाटते, इतके पैसे घेतात म्हणजे कुणीतरी यांना तपासत असेल. तसे नसते. अकरा नोंदवह्यांचा भार अंगणवाडीवर. नर्सरीवाल्याकडे फार तर दुकानाचा गुमास्ता परवाना. गरिबाच्या मुलाच्या केंद्रावर देखरेख आहे पण सोय नाही, आणि फी भरणाऱ्याच्या मुलाच्या केंद्रात थोडी सोय असली तरी देखरेख नाही.

याचे मूळ कायद्यात आहे. 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयोगटाला दिला. सहा वर्षांखालच्या मुलांबाबत राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच अनुच्छेद 45 मध्ये उरले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल असे म्हटले आहे, केलीच पाहिजे असे नाही. म्हणून शिक्षण खात्याची हद्द पहिलीपासून सुरू झाली, महिला व बालविकास खात्याची अंगणवाडीपाशी संपली आणि मधली जागा मोकळी राहिली.

महाराष्ट्राने या मोकळ्या जागेत एकदा पाऊल टाकले होते. 1996 च्या कायद्याने बालवाडी प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेण्यावर बंदी आणली. मुंबई-पुण्यात तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला रंग आणि फळे विचारून प्रवेश नाकारले जात होते, पालकांचे क्लास चालत होते, त्यामुळे या कायद्याची गरज होतीच. पण तो दारापाशी थांबला. प्रवेश कसा द्यायचा हे त्याने सांगितले. आत गेल्यावर मुलाचे काय होते, याकडे राज्याने नंतर अनेक वर्षे पाहिले नाही. 2013 मध्ये बालसंगोपन व शिक्षणाचे राष्ट्रीय धोरण आले. नंतर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, तीन वर्षांखाली प्रवेश नाही, कुंपण, सीसीटीव्ही, नोंदणी. त्या सूचना होत्या. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्यांना दात नव्हते.

मग प्रसंग घडत गेले, आणि प्रत्येक प्रसंगानंतर थोडी हालचाल झाली. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली. तो कॅमेरा होता म्हणून गुन्हा सिद्ध करायला मदत झाली, पण मारहाण होत असताना त्याचे चित्र कोणी पाहत नव्हते. त्यानंतर पाळणाघरांना नियम लावण्याची चर्चा झाली. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चौकशीत पुढे आलेले प्रश्न अगदी साधे होते: मुलींना स्वच्छतागृहात नेणारी बाई कोण, पुरुष कर्मचारी तिथे का, त्याची माहिती कोणी तपासली, तक्रार आल्यावर पोलिसांना कधी कळवले. हे सगळे प्रश्न पहिल्या वर्गातले. यातला एकही शंभर गुणांच्या तक्त्यात बसवायचा नाही. 2025 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले.

दुसऱ्या वर्गातल्या गोष्टींबाबत, म्हणजे आत मुले काय करतात याबाबत, पाहणी झालेलीच नाही असे नाही. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातले केंद्र आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सुमारे 14,000 मुलांचा चार वर्षे मागोवा घेतला. 2017 मध्ये अहवाल आला. निष्कर्ष दोन्ही दारांना सारखाच लागू पडला. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षण फारसे होतच नव्हते, आणि खासगी नर्सरीत जे होत होते ते पहिली-दुसरीचे पाठ खाली ओढून आणलेले: फळ्यावरून उतरवणे, एकसुरात म्हणणे, ओळीत बसणे. पाचव्या वर्षी मुलांची शाळेसाठीची तयारी दोन्हीकडे कमीच निघाली. हे कळायला त्या अभ्यासकांना वर्गाच्या कोपऱ्यात काही तास बसावे लागले. अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी 1980 मध्ये बालवर्ग पाहण्याची जी मोजपट्टी तयार केली, तिलाही तीन तासांची सलग पाहणी लागते. एका तासाच्या भेटीत, बाहेर गाडीचा हॉर्न वाजत असताना, मूल खेळत होते की खेळायला बसवले होते हे कळत नाही. पाहुणे आल्यावर सगळी मुले एका सुरात ‘नमस्ते’ म्हणतात ते केंद्र चांगलेच असेल असेही नाही.

मेक्सिकोत एर्मोसियोच्या पालकांनी दोन वर्षे रस्त्यावर राहून नवा कायदा मिळवला. ऑक्टोबर 2011 मध्ये जाहीर झालेल्या या कायद्याला तिथे ‘5 जूनचा कायदा’ म्हणूनच ओळखतात. सरकारी असो, करारावरचे असो की खासगी, लहान मुले सांभाळणाऱ्या प्रत्येक केंद्राला तो लागू आहे. ही एक गोष्ट आपल्याकडे उचलण्याजोगी आहे: तपासणीच्या कागदाचे पहिले पान दोन्ही दारांना एकच.

त्या पहिल्या पानावर गुण नसावेत. फार तर दहा ओळी असाव्यात: दुसरी वाट आहे का आणि आज ती उघडते का, छप्पर गळते का, सिलिंडर मुलांच्या खोलीबाहेर आहे का, पाणी झाकलेले आहे का, आजचे अन्न मोठ्या माणसाने आधी चाखले का, मुलांना हाताळणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी झाली का. प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. प्रत्येक ‘नाही’पुढे दुरुस्तीची तारीख आणि ती कोणाच्या पैशाने होणार हे लिहिलेले असावे. अंगणवाडीच्या बाबतीत ती जबाबदारी सेविकेची नसते, ती ग्रामपंचायतीची किंवा प्रकल्पाची असते. तिथे त्यांचेच नाव हवे. पान मराठीत असावे आणि दारावर चिकटवलेले असावे, म्हणजे मुलाला सोडायला येणारी आजीही ते वाचेल किंवा नातवंडाकडून वाचून घेईल. केंद्र सरकारच्या 2011 च्या परिपत्रकानुसार गावपातळीवर अंगणवाडी सनियंत्रण समिती असते. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे आणि सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे माहीत नाही. तिला हेच पान वाचायला दिले तर बैठकीला विषय मिळेल.

दुसरे पान दुसऱ्या वर्गातल्या गोष्टींचे; ते वर्षातून एकदा, पण पूर्ण सकाळ बसून भरायचे. आणि भरणाऱ्याला स्वतः मुलांना गोष्ट सांगता आली पाहिजे. बालशिक्षणात काम केलेल्या निवृत्त शिक्षिका, सेविकांमधल्या अनुभवी बायका, अध्यापक विद्यालयांतले प्राध्यापक असे लोक राज्यात आहेत. या पानावरून कोणाचे केंद्र बंद करू नये आणि कोणाला बक्षीसही देऊ नये. चुका दाखवून, पुढच्या वर्षी पुन्हा येऊन, काय बदलले ते पाहावे.

पोर्टलवरच्या नोंदणीत केंद्राचा पत्ता, चालकाचे नाव, मुलांची संख्या आणि सोयींची यादी भरायची म्हटली तर घरबसल्या भरता येते. पहिले पान भरायला मात्र कोणीतरी त्या दोन खोल्यांत जायला हवे. शिक्षण खात्याकडे केंद्रप्रमुख आहेत, बालविकास प्रकल्पाकडे पर्यवेक्षिका आहेत. गल्लीतल्या नर्सरीत यांपैकी कोणी जायचे हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे लागेल. पर्यवेक्षिकेच्या पंचवीस अंगणवाड्यांत आणखी पंधरा नर्सऱ्यांची भर घालायची असेल तर आधी रिकामी पदे भरावी लागतील, अकरा वह्यांतल्या निम्म्या बंद कराव्या लागतील, आणि तिचा प्रवासभत्ता त्या त्या महिन्यातच मिळेल अशी तजवीज अर्थसंकल्पात करावी लागेल.